दरड कोसळते तिथे

लाइम रीजिसच्या धक्क्यावरून होडी निघाली तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, डॉर्सेटमधल्या या गावाचा वळणदार दगडी धक्का काही शतकं जुना. त्याला ‘कॉब’ म्हणतात. एरवी इथल्या होड्या हौशी पर्यटकांना मॅकरेल धरायला नेतात. आम्ही निघालो होतो जीवाश्म बघायला. होडीत बसून जीवाश्म मिळत नाहीत, ते किनाऱ्यावर कंबर मोडेपर्यंत वाकूनच वेचावे लागतात. पण दरड कुठे ताजी कोसळली आहे, हे समुद्रातून जसं दिसतं तसं कड्याखालून दिसत नाही. शिवाय या कड्यांखाली माना वर करून उभं राहण्यात शहाणपणही नाही.

उन्हं आली आणि गावाला लागूनचा कडा स्पष्ट झाला: चुनखडकाचा फिकट थर, त्यावर काळपट शेल, पुन्हा चुनखडक. हा जवळपास 20 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. पुढे ब्लॅक व्हेन नावाचा कडा, काळा, ओला, सतत घसरणारा. 2008 च्या मे महिन्यात इथला सुमारे 400 मीटर किनारा एका दमात खाली आला होता. होडीवाल्याने हात करून एक नवा ढिगारा दाखवला आणि बजावलं, ओहोटी लागली की जा, भरती लागायच्या आत परता. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

परत येऊन आम्ही चालत त्या बाजूला गेलो. तासाभराने माझ्या नातवाने गोट्यांमधून काहीतरी उचललं. “आजी, हे सोनं आहे?” नखाएवढा अमोनाईट, म्हणजे नामशेष झालेल्या एका समुद्री जीवाचा शंख, अळूवडीच्या कापासारखा गुंडाळलेला, पायराइट या खनिजामुळे पिवळाधमक. सोनं नव्हतं, पण ते ऐकायला तो थांबलाच नाही. माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्रामही याच कुळातला. फरक एवढाच, की तो बघायला आम्हाला अंघोळ करावी लागे.

याच किनाऱ्यावर मेरी अ‍ॅनिंग वाढली. जन्म 1799 चा, वडील सुतारकाम करणारे, ते 1810 मध्ये गेले. पुढच्या वर्षी भावाला एका प्राण्याची कवटी सापडली आणि 1812 मध्ये मेरीने त्याचं उरलेलं धड शोधलं, तो इक्थिओसॉर, नामशेष झालेला समुद्री सरपटणारा प्राणी. 1823 मध्ये तिने तसाच आणखी एक नामशेष समुद्री प्राणी, अख्खा प्लेसिओसॉर काढला. 1833 मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गेला, तरी तिने हे काम सोडलं नाही. मोठमोठे विद्वान तिच्याबरोबर किनारा हिंडायचे. 1839 मध्ये रिचर्ड ओवेनही आला होता, पुढे ‘डायनासोर’ हे नाव देणारा. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने मात्र बायकांना सदस्य करून घेतलं ते थेट 1919 मध्ये. मेरी 1847 मध्ये वारली. त्याच वर्षी, त्याच सोसायटीच्या नियतकालिकात ओवेनने आपल्या वरळीच्या खडकात सापडलेल्या इवल्याशा बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन छापलं. वरळीतल्या किती जणांना हे बेडूक माहीत आहेत?

मला या किनाऱ्यावरची शिस्त आवडली. इथे जीवाश्म वेचायला बंदी नाही, कारण वेचला नाही तर समुद्र त्याचा भुगा करणारच. सैल पडलेलं खुशाल उचला. कड्यात रुतलेल्याला परवानगीशिवाय हात लावू नका. काही दुर्मीळ मिळालं तर सहा महिन्यांच्या आत शेजारच्या चारमथ गावातल्या जीवाश्म नोंदणी केंद्रात नोंद करा. नोंद केली की वस्तू तुमची, माहिती सगळ्यांची. सरसकट बंदी घातली असती तर चोरून नेणारे वाढले असते आणि नोंद एकही झाली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा नांगराला लागते. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकातच ही जागा अभ्यासकांपुढे आणली. तिथे समुद्र नाही, शेतात सापडलेला दगड लाटांनी झिजणार नाही; म्हणून नियमही वेगळे लागतील: जागेवरून हलवू नका, फोटो काढा, कळवा. विदर्भातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. कुणाला, कुठे, कसं कळवायचं, हे सांगणारं एक पान साध्या मराठीत लिहा आणि पिसदुऱ्याच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. छपाईचा खर्च मी देते.