20 टन शेंगदाणे, 7 भाग
मे 2007 मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने ‘जेरिको’ ही मालिका पहिल्याच पर्वानंतर गुंडाळली. अणुहल्ल्यानंतर तगून राहणाऱ्या कॅन्ससमधल्या एका छोट्या गावाची ही कथा. पर्वाच्या अखेरच्या भागात शरण येण्याच्या मागणीला नायक ‘नट्स’ असं तुच्छतेनं उत्तर देतो. चाहत्यांनी नेमकं तेच उचललं आणि वाहिनीच्या कार्यालयात शेंगदाणे धाडायला सुरुवात केली. थोडेथोडके नव्हे, सुमारे 20 टन!

जूनमध्ये वाहिनी नमली. नवे 7 भाग मंजूर झाले, पण प्रेक्षक वाढवा, असं बजावूनच. खरी मेख इथेच होती. बरेच चाहते मालिका रेकॉर्ड करून किंवा इंटरनेटवर पाहत. जाहिरातींच्या हिशेबात त्यांची किंमत कमीच. मार्च 2008 मध्ये ‘जेरिको’ पुन्हा बंद.

अशा चाहत्यांना हसणं सोपं आहे. पण आठवड्यामागून आठवडे प्रेक्षकांना गुंतवायचं आणि आकडे घसरताच गोष्ट अर्ध्यावर टाकायची, हा कुठला व्यवहार? नफ्यासाठी मालिका थांबवा हवी तर, निदान शेवट तरी सांगा. ‘जेरिको’च्या निर्मात्यांनी दुसऱ्या पर्वासाठी दोन शेवट चित्रित करून ठेवले होते, प्रेक्षकांना त्यातला गोष्ट मिटवणारा शेवट पाहायला मिळाला.