चिनाबचा उगम तांदीला नाही



चिनाब लाहौलमधील तांदीला उगम पावते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान मला मान्य नाही. तिथे होतो तो संगम. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या दोन अंगांना निघतात. भागा सूरज तालातून उतरून साधारण ६० किलोमीटरांत तांदी गाठते. चंद्रा मात्र आधी दक्षिणेकडे जाऊन बातलपुढे पश्चिमेला वळते आणि जवळपास दुप्पट अंतर कापते. बडा शिगरी ही अवाढव्य हिमनदीही तिच्याच खोऱ्यात आहे. चिनाबचे चंद्रभागा हे दुसरे नाव संगमानंतरच लागते, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा आहे. पण त्याने वरचे पाणी नाहीसे होत नाही. म्हणून शालेय नकाशात चिनाबचा उगम चंद्रेच्या माथ्यावर, बारालाचाशीच दाखवावा, ही विनंती.

– एक वाचक