कॅन्सरच्या रुग्णाचे अन्न उपचारात धरा!

गारगोटी ते कोल्हापूर हे अंतर 50 किलोमीटरच्या आसपास. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण रेडिएशनसाठी हा रस्ता आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे तुडवतो. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, हे चांगलेच आहे. 2012 साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या आणि 2017 साली जोतिरावांचे नाव मिळालेल्या या योजनेने भुदरगडातल्या अनेक घरांची जमीन वाचवली. पण दोन-तीन आठवडे गेले की त्याच रुग्णाचे तोंड आतून सोलून निघते. भाकरी चावत नाही, आमटी झोंबते, पाणीसुद्धा गिळवत नाही. वजन उतरत जाते. मग डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा फार आहे, उपचार थोडे थांबवू. घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. वास्तविक कित्येकदा औषध लागू पडत असते. माणूस उपाशी असतो!

युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या 'एस्पेन' या संस्थेने 2017 साली मांडलेला अंदाज असा की, कॅन्सरच्या 10 ते 20 टक्के रुग्णांचा मृत्यू गाठीपेक्षा कुपोषणाने होतो. रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज किमान 1 ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिने हवीत, असेही ही संस्था सांगते. म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 75 ग्रॅम. आता रेशनकडे पाहा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. तो सगळा तांदूळ धरला तर दिवसाला प्रथिने पडतात 12-13 ग्रॅम. डाळ, दूध, अंडी ज्याची त्याने पाहावीत. घरात रुग्ण हाच कमावता असला तर कोणी पाहायची?

जन आरोग्य योजनेत जेवण आहे, नाही असे नाही. रुग्ण खाटेवर असेपर्यंतचे जेवण आणि सुट्टी झाल्यावर घरी जाण्याचे एकवेळचे एसटीचे भाडे पॅकेजमध्ये धरलेले आहे. पण सकाळी केमो घेऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्याच्या, रोज ये-जा करून रेडिएशन घेणाऱ्याच्या घरच्या ताटाशी योजनेचा संबंध राहत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत सरकारला हे पटलेले आहे. 2018 पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाच्या खात्यावर महिन्याला 500 रुपये येऊ लागले, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना शिधा देऊन केलेला अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला; घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी घटले. क्षय संसर्गाचा रोग आहे, कॅन्सर नाही, हा फरक आम्हाला मान्य आहे. मात्र अन्न हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व एका रोगात मान्य केल्यावर दुसऱ्यात नाकारायचे कशाच्या आधारावर?

कोणी म्हणेल, संजय गांधी निराधार योजना आहे ना! आहे, आणि कॅन्सरचा रुग्ण त्यात बसतो. अट काय, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत. म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला 58 रुपये. आठवड्यातून दोन दिवस रोजगाराला जाणारी बाईसुद्धा या अटीत अडकते. दाखल्यांसाठी हेलपाटे घालण्यात उपचाराचे महिने संपतात ते वेगळेच.

घटनेच्या 47 व्या कलमाने लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. पोषण आणि आरोग्य दोन्ही एकाच कलमात आहेत, ते उगाच नव्हे. मार्गदर्शक तत्त्वे कोर्टात बजावता येत नाहीत, हे आम्ही वकिलीच्या व्यवसायात रोज ऐकतो. त्याचे उत्तर बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणातच दिले होते: सत्तेवर येणाऱ्याला ती डावलता येणार नाहीत, निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावा लागेल. हा जाब आम्ही मागितला आहे काय?

मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरग्रस्त मुलांच्या आहाराचे काम 'कडल्स फाउंडेशन' 2013 पासून करते. आहारतज्ज्ञ मुलाचे वजन घेतो, काय गिळवते ते विचारतो आणि त्याप्रमाणे आहार ठरवतो. यात महागडे यंत्र कोणते? आपल्याकडे तर नाचणीचे आंबील, मऊ भात, मुगाचे पातळ वरण, दूध घरोघरी ठाऊक आहे. नीट उकडलेले एक अंडे 6 ग्रॅम प्रथिने देते. उलट 'कॅन्सरला दूध, अंडी, मटण बंद' असे पथ्य सांगणारे भोंदू गावोगाव आहेत, आणि आहारतज्ज्ञ नसल्याने त्यांचेच ऐकले जाते. अंड्याचे सोवळे तर सरकारलाही आहे. जानेवारी 2025 मध्ये शाळेतल्या पोरांच्या अंड्यांचा निधी याच राज्याने बंद केला.

केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा केली. त्या प्रत्येक केंद्रात आहारतज्ज्ञाचे पद पहिल्या दिवसापासून मंजूर हवे. जन आरोग्य योजनेच्या केमो व रेडिएशनच्या पॅकेजमध्ये उपचार संपेपर्यंतचा शिधा, म्हणजे डाळ, तेल, दूध भुकटी, अंडी, लिहून घातला पाहिजे. आणि गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात दर आठवड्याला वजन करून ते कोल्हापूरच्या डॉक्टरला कळवण्याची सोय हवी. त्यासाठी एक काटा आणि एक फोन पुरेल. भुदरगडातल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा, आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे देऊन पोच घ्यावी.