उडी मारणारीला विचारलंत का?

आपटा म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे दसऱ्याची पानं आणि दुसरी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. १९९५ च्या त्या सिनेमातला शेवटचा, गाडीमागे धावण्याचा सीन पनवेल-रोहा लाइनीवरच्या याच आपटा स्टेशनात घेतलाय. सिनेमात धावायला कुठलेही कपडे चालतात. ओढणी अडकली, चप्पल सटकली तर डायरेक्टर 'कट' म्हणतो आणि परत पहिल्यापासून सुरू.

आता समजा, त्याच आपट्यातल्या एखाद्या शाळेच्या पंधरा-वीस मुलींनी चिअरलीडिंगचं पथक काढायचं ठरवलं. म्हणजे नाच, उड्या, खांद्यावर उभं राहणं, वरून झेल घेणं वगैरे. त्यांना रीटेक नाही. खालच्या मुलीच्या हातातून वरचीच्या कपड्याची पकड सुटली तर सरळ जमिनीवर! म्हणून आजचा विषय: अशा पथकाचे कपडे. ते ठरवायचे कोणी आणि शिवायला टाकायचे कसे.

विषय किरकोळ वाटतोय? थांबा जरा.

चिअरलीडिंग म्हटलं की आपल्याला आयपीएल आठवतं. २००८ साली पहिल्या सीझनमध्ये चौकारागणिक नाचणाऱ्या मुली आल्या आणि महाराष्ट्रात एकच गहजब झाला. सरकारातूनसुद्धा आक्षेप आले. स्कर्टची लांबी हा राष्ट्रीय प्रश्न झाला. पुढे २०११ मध्ये पुणे वॉरियर्सने पारंपरिक भारतीय वेशातल्या नर्तकी उभ्या केल्या, तेव्हा काहींना संस्कृती वाचल्यासारखं वाटलं. त्या सगळ्या चर्चेत प्रश्न एकच होता: बघणाऱ्याला कसं दिसतं? त्या कपड्यात नाचणारीला श्वास घेता येतो का, वाकता येतं का, हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवात झाली ती पुरुषांपासून. १८९८ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात एका विद्यार्थ्याने पुढे होऊन प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. मुली आल्या त्या १९२३ च्या सुमारास. आज त्याची दोन रूपं आहेत. एक मैदानाच्या कडेचा नाच, जो आपण टीव्हीवर बघतो. दुसरं स्पर्धेचं चिअरलीडिंग, ज्यात मनोरे, कोलांट्या, हवेतले झेल असतात. त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला २०२१ मध्ये ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली.

हे दुसरं रूप आपल्याला परकं नाही हो. खाली भक्कम माणसं, मध्ये चपळ, वर सगळ्यात हलकं आणि सगळ्यात धीट. हा आपला गोविंदाच की! मुंबई-ठाण्यात मुलींची गोविंदा पथकंही आता नवी राहिलेली नाहीत. २०१७ मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयाला १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर न चढवण्याची हमी दिली, २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, गाद्या, विमा यावर बोलणं सुरू झालं, छान झालं. टी-शर्टाकडे मात्र अजूनही जाहिरातीचा फलक म्हणूनच बघतात. पुढे नेत्याचा फोटो, मागे बिल्डरचं नाव, आत कोण आहे त्याचं काय!

सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना हा रोग ओळखीचा वाटेल. पैसे देणारा क्लायंट वेगळा आणि रोज ते सॉफ्टवेअर वापरणारा यूजर वेगळा. रिक्वायरमेंट घ्यायला आपण क्लायंटच्या एसी केबिनमध्ये बसतो आणि काउंटरवरच्या क्लार्कला कोणी विचारतच नाही. मग सिस्टीम लाइव्ह होते आणि क्लार्क बिचारा गुपचूप वहीतच लिहीत राहतो. गणवेशाचं अगदी तसंच होतं. प्रायोजक रंग ठरवतो, कमिटी डिझाइन ठरवते, दुकानदार कापड ठरवतो. आणि मुलीला प्लॅस्टिकच्या पिशवीतून तयार कपडा मिळतो. फरक इतकाच की वैतागलेली मुलगी वहीत लिहीत नाही, ती पथक सोडते. घरी सांगते, 'अभ्यास आहे.'

माझं म्हणणं साधं आहे. बघणाऱ्याला रंग ठरवू द्या, पैसे देणाऱ्याला बजेट ठरवू द्या. कापड, बेतणी आणि माप यावर शेवटचा शब्द उडी मारणारीचा हवा.

'आपल्या संस्कृतीत हे बसतं का?' असं विचारणाऱ्यांनी रायगडातल्याच जुन्या आगरी-कोळी बायकांकडे बघावं. त्यांचं काष्ट्याचं लुगडं गुडघ्याच्या आसपास. का? तर चिखलात लावणी करायची, खाडीत उतरायचं, टोपली डोक्यावर घेऊन झपाझप चालायचं. घोळदार पदर तिथे काय कामाचा? त्यांनी कपडा कामाप्रमाणे नेसला आणि कोणाची संस्कृती बुडाली नाही. मल्लखांबाचंही तेच. पुरलेल्या मल्लखांबावर पुरुष लंगोट लावून चढतात, दोरीवरच्या मल्लखांबावर मुली अंगाबरोबरचा पोशाख घालतात. सैल कपडा दोरीत अडकला तर काय होईल हे शिकवणाऱ्याला नीट माहीत असतं. सोय हा विचार पश्चिमेकडून आलेला नाही, आपल्याच घरातला आहे.

आता प्रत्यक्ष कपड्याकडे येऊ.

१. कापड. स्नेहसंमेलनाला चालतं म्हणून सॅटिन घेऊ नका. ते चमकतं आणि निसटतं, खालच्या मुलीला पकडच मिळत नाही. जाड सुती टी-शर्ट घाम आणि पाऊस पिऊन जड होतो, अंगाला चिकटून बसतो. ताणलं जाणारं, लवकर वाळणारं पॉलिएस्टरचं विणलेलं कापड बरं. दुकानदार त्याला ड्राय-फिट म्हणेल. त्यातही दहा प्रकार असतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, हाताने ताणून बघा.

२. रंग. वरचा कपडा पांढरा नको. हे मी ठासून सांगतोय. श्रावणातला पाऊस, वरून पाण्याचे फवारे आणि पांढरा टी-शर्ट यांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. नमुन्याचा कपडा ओला करून, ताणून, उजेडासमोर धरा. पलीकडचा हात दिसला तर कापड बाद. खालचा कपडा गडद रंगाचा हवा. पाळीच्या दिवसांत मुलगी उडीकडे लक्ष देईल की मागे डाग पडला का याकडे? विंबल्डनने पांढऱ्याचा हट्ट शंभराहून जास्त वर्षं धरला, पण २०२३ पासून महिला खेळाडूंना आतून गडद शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. विंबल्डन बदलू शकतं, तर आपली कमिटी का नाही?

३. बेतणी. स्कर्ट हवाच असेल तर आत त्याच रंगाची, गुडघ्यापर्यंतची घट्ट पॅन्ट त्याच ऑर्डरमध्ये घ्या. 'आतलं घरून आणा' म्हटलं की वीस मुली वीस रंग आणतात. कमरेला इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही हवं. धातूचं काही नको: चेन, बक्कल, टिकल्या, सेफ्टी पिन काहीच नाही. झेल घेणारीच्या हाताला ते कापतं. खिसेही नकोत, त्यात बोट अडकतं.

४. छपाई. छातीभर रबरी छपाई केली की तिथून घाम बाहेर पडत नाही आणि कापड ताणलंही जात नाही. सब्लिमेशनमध्ये रंग पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरतो, वर थर राहत नाही. त्याला कापड मात्र फिकट लागतं, म्हणजे सुरुवात पांढऱ्या कापडापासून करून वर गडद रंग छापतात. तेव्हा ओलं करून बघायची परीक्षा छापलेल्या नमुन्यावर घ्या. प्रायोजकाचं नाव पाठीवर किंवा बाहीवर लहान अक्षरात घेतलं तरी फोटोत दिसतं.

५. माप. सर्वात जास्त घोळ इथे होतो. 'तू एल ना?' असं सगळ्यांसमोर ओरडून विचारायचं, मग बाकीच्या हसणार. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पथक सोडायला एवढं पुरतं. माप बाईंनी, खोलीत, एकेकीचं घ्यावं. छाती, कंबर, सीट आणि खांद्यापासून खालपर्यंतची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये. यादीत फक्त आकडे असावेत आणि ती यादी वर्गात फिरू नये. या वयात मुली वाढतात, म्हणून शिवणीत थोडा दाब ठेवायला सांगा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, नमुना. पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी दोन कपडे शिवून घ्या, एक सगळ्यात लहान मापाचा आणि एक सगळ्यात मोठ्या मापाचा. ते घालून मुलींना हात वर करू दे, उकिडवं बसू दे, कोलांटी मारू दे, एकमेकींना उचलू दे. पोट उघडं पडलं, काख आवळली, पॅन्ट घसरली तर आत्ताच कळेल. आपल्याकडे याला टेस्टिंग म्हणतात आणि आपणही डेडलाइन आली की पहिली काट त्यालाच लावतो :)

आता आक्षेप. 'मुलींना विचारलं तर त्या काहीही मागतील.' मागू द्या की. एकीला पूर्ण बाह्या हव्या असतील, दुसरीला नसतील. एकाच कापडात, एकाच रंगात दोन्ही शिवता येतात. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या मुलींनी बिकिनी नाकारून शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना दंड झाला, आणि त्याच वर्षी तो नियमच बदलावा लागला. त्याच वर्षी टोकियोत जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुलींनी घोट्यापर्यंतचा पोशाख निवडला. त्याआधी २०११ मध्ये बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेने महिलांना स्कर्ट सक्तीचा करायचं ठरवलं होतं, वर्षभरात ते गुंडाळावं लागलं. प्रश्न कपडा लांब की आखूड हा कधीच नव्हता. आपल्याकडचे घरचे लोक काळजी करतात तीही खोटी नाही. त्यांना नमुना दाखवा, आतली पॅन्ट दाखवा. अर्धी काळजी तिथेच संपते.

दुसरा आक्षेप पैशांचा. चांगलं कापड महाग पडतं, खरंय. मग डिझाइन साधं ठेवा, रंग कमी करा, टोपी आणि झेंडे कापा. आणि ऑर्डर एकदाच, दोन-तीन कपडे जास्तीचे धरून द्या, कारण नंतर टाकलेल्या ऑर्डरचा रंग पहिल्याशी क्वचितच जुळतो.

उरला वेळ. आपट्याहून पनवेलच्या बाजारात जायला लोकलसारख्या दर दहा मिनिटांनी गाड्या नाहीत. नमुना दाखवा, बदल सांगा, परत आणा यात फेऱ्या जातात. त्यात गोपाळकाल्याच्या तोंडावर छपाईवाल्यांकडे उभं राहायला जागा नसते. याच लाइनीवर आपट्याच्या पुढे हमरापूर आणि पेण लागतं. गणपती येतात भाद्रपदात, पण तिथल्या कारखान्यांत काम वर्षभर चालू असतं. मूर्तीसाठी आपण कित्येक महिने आधी पाट देऊन येतो. मुलींच्या कपड्यांसाठी दोन महिने आधी माप घ्यायला काय हरकत आहे?

असो. कुठल्या पथकाच्या कमिटीत असाल, तर पुढच्या मीटिंगला डिझाइनच्या कॅटलॉगबरोबर दोन मुलींनाही बोलवा. एक सगळ्यात खाली उभी राहणारी, एक सगळ्यात वर जाणारी. आधी त्यांचं ऐका, मग रंगावर खुशाल भांडा.