भोंग्याला १२८ जीबी कशाला?

मक्याच्या कणसात दाणा भरायला लागला की आपल्या धावडा-वालसावंगी पट्ट्यात डोंगराकडच्या वावरांत रात्रीची जागल सुरू होते. पूर्वी डबे बडवायचे, फटाके फोडायचे. आता बांधावर बॅटरीवरचा भोंगा असतो. त्यात पेनड्राइव्ह नाहीतर मेमरी कार्ड घातलं की रात्रभर माणसांचा आरडाओरडा आणि कुत्र्यांचं भुंकणं चालू. कार्ड कोणतं घेऊ, असं विचारणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: किती जीबीचं? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी हे पाहा, की आपलं यंत्र कार्डावरचं नुसतं वाचतं का त्यावर सारखं लिहितं.

भोंगा नुसता वाचतो. साधी १२८ केबीपीएसची एमपीथ्री फाइल मिनिटाला जवळपास १ एमबी जागा घेते. दहा तासांची रात्र धरा, ६०० एमबी झाले. ४ जीबीचं कार्डसुद्धा पुरून उरतं. मोठं कार्ड घेऊन पैसे तर जातातच, वर भोंगा बऱ्याचदा ते वाचतच नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात, ६४ आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये. स्वस्तातल्या बहुतेक भोंग्यांना फॅट३२ तेवढंच कळतं. ६४ चं घातलं की लाइट लुकलुकतो, आवाज काही येत नाही. कार्डवाला म्हणतो भोंगा खराब, भोंगेवाला म्हणतो कार्ड खराब, अन् तोवर डुकरं दोन सऱ्या आडव्या करून गेलेली असतात. ८ किंवा १६ जीबीचं घ्या, विषय संपला.

पेनड्राइव्ह का कार्ड? भोंग्यात दोन्हीची सोय असेल तर मी कार्ड म्हणेन. ते आत बसतं. पेनड्राइव्ह बाहेर डोकावतो, भोंगा उचलताना-ठेवताना हिसका बसून खाच ढिली होते, दव-धूळही तिथूनच आत जाते. पेनड्राइव्हच घालायचा असेल तर नखाएवढा बुटका मिळतो, तो घ्या. आणि कामाचं म्हणजे, यातले बरेच प्लेअर फाइली नावाप्रमाणे नाही, ज्या क्रमाने कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड आधी फॉरमॅट करा, मग एकेक फाइल हव्या त्या क्रमाने टाका. नावं इंग्रजी आकड्यांत ठेवा. एकच रेकॉर्डिंग महिनाभर लावलं तर डुकरं अन् रोही सरावतात, भोंग्याखालीच चरतात. चार-पाच वेगळे आवाज ठेवा, मधे मधे दहा-वीस मिनिटांची शांतता असलेली फाइल घाला, आठवड्याला क्रम बदला. (शांततेची फाइल शेजारच्या वस्तीलाही आवडते.) दोन छोटी कार्डं असली की अदलाबदल सोपी.

कॅमेऱ्याचं गणित उलटं आहे. सिमवरचा सोलर कॅमेरा दिवसरात्र कार्डावर लिहितो, जागा भरली की जुनं पुसून पुन्हा लिहितो. कार्डाची झीज होते ती या लिहिण्या-पुसण्याने, वाचण्याने नाही. भोंग्यात वर्षानुवर्षं चालणारं साधं कार्ड कॅमेऱ्यात लवकर बसतं ते यामुळेच. इथे 'हाय एन्ड्युरन्स' असं छापलेलं कार्ड घ्या, थोडं महाग पडलं तरी. वेगाच्या आकड्यांना मात्र भुलू नका. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. २ एमबीपीएसवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला पाव एमबी लागतो. तोच कॅमेरा अखंड चालला तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो, म्हणजे ६४ जीबीत जेमतेम तीन दिवस राहतात.

अन् हे तीन दिवस नीट लक्षात घ्या. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीक विम्यात धरलं जाईल, आणि ते ७२ तासांच्या आत विम्याच्या अॅपवर जिओटॅग फोटोसह कळवायचं आहे. कोणते प्राणी अन् कोणते भाग, हे राज्याने ठरवायचं आहे, ते कृषी खात्याच्या माणसाला विचारून घ्या. पण पुरावा आपल्याजवळ हवा. कॅमेऱ्यातली क्लिप सकाळीच काढून घ्या, चौथ्या दिवशी तिच्यावर नवं काहीतरी लिहिलेलं असेल.

फोटोंचंही तेच. कॅमेरा अॅपमध्ये लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोच्या पोटात जागा आणि वेळ नोंदलेली असते. तो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती नोंद गळून पडते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून बरं म्हणजे दोन तोंडांचा ओटीजी पेनड्राइव्ह: एक तोंड टाइप-सीचं, दुसरं साधं यूएसबीचं. मोबाइलमधून थेट मूळ फोटो घ्या आणि घरी डब्यात ठेवा. हा पेनड्राइव्ह भोंग्यात नाही घालायचा, ट्रॅक्टरवर गाण्यांना नाही आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला तर नाहीच. मोबाइलमध्ये कार्ड टाकताना फोन विचारतो, फोनचं स्टोरेज म्हणून वापरू का पोर्टेबल? पोर्टेबल म्हणा. दुसऱ्या प्रकारात कार्ड त्या फोनशी बांधलं जातं, अन् फोन पाण्यात गेला की फोटो दुसरीकडे उघडत नाहीत.

राहिली नकली कार्डं. बाजारात पाटीवर दोनशे-तीनशे रुपयांत '५१२ जीबी' दिसलं तर समजून जा. आत आठ-सोळाच असतं, पण फोनला ५१२ दाखवायची सोय केलेली असते. तेवढं भरेपर्यंत सगळं ठीक वाटतं, पुढच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात. नवं कार्ड आणलं की कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून एकदा पूर्ण भरून तपासा. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. पास झालं तरच कॅमेऱ्यात घाला, नाहीतर बिलासकट दुकानात परत.