टर्बो बरा की बिनटर्बोचे इंजिन?

मधल्या सुट्टीत दहावीच्या मुलांचा वाद आमच्या कानी आला. वेगवान गाडीला टर्बो चांगला की साधे इंजिन? आवाज दोन्हीकडे मोठा होता, हिशेब मात्र कोणीच मांडत नव्हते. म्हणून हा प्रपंच.

२००० च्या सुमारास आलेल्या होंडा सिटी व्हीटेकचे इंजिन दीड लिटरचे, बिनटर्बोचे. त्याची सुमारे १०६ अश्वशक्ती मिनिटाला जवळजवळ ६,८०० फेरे झाल्यावर मिळे. २०१३ मध्ये चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन अवघे १.२ लिटरचे. त्यातला टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून जादा हवा आत ढकलतो. त्यामुळे अश्वशक्ती १०५, पण पूर्ण ओढ १,५०० फेऱ्यांपासूनच.

फतेगंजच्या गर्दीत टर्बो सोयीचा, हे आम्हांस मान्य आहे. तरीही नवशिक्यास आम्ही बिनटर्बोचीच गाडी सुचवू. तिथे ताकद टप्प्याटप्प्याने येते, इंजिनाचा चढता आवाज सावध करतो. टर्बोत पाय जरा दाबला की वेग आधी येतो, भान मागाहून.

पालकांनी मात्र अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी मुलांच्या हाती कोणत्याच मोटारीची चावी देऊ नये. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आमची ही कळकळीची विनंती आहे.