पाऊस देवाचा, गाळ कोणाचा?

दादरा आणि नगर हवेलीचा मुक्तिदिन २ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो. १९५४ साली सिल्वासा परकीय सत्तेतून मुक्त झाले तेही भर पावसाळ्यात. तेव्हा पाऊस ही या भूमीस काही नवी गोष्ट नव्हे. अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमच्या वारली, कोकणा व धोडिया बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर भात पिकविला आहे. नवे काही असेल तर ती त्या पाण्याबरोबर येणारी माती. उतारावर कोठे तरी यंत्राने टेकडी खरवडली जाते, मुरमाचे ढीग उन्हाळाभर उघडे पडून राहतात, आणि पहिल्या मोठ्या सरीसरशी ते ओहोळात, ओहोळातून खालच्या शेतात आणि अखेरीस दमणगंगेच्या पात्रात जातात. भातखाचरावर वीतभर मुरूम बसला म्हणजे त्या शेतकऱ्याचे ते साल गेलेच. कित्येकदा जमिनीचा कसही जातो.

अशा वेळी त्या शेतकऱ्यास जे उत्तर मिळते, त्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ते उत्तर असे : "पाऊस काय आमच्या हातात आहे? ही देवाची करणी."

आम्ही कायद्याचे अभ्यासक आहोत, तसेच देवळाची पायरी चढणारेही आहोत; या दोन्ही नात्यांनी आम्हांस हे उत्तर असत्य वाटते. 'ईश्वरी कृत्य' या शब्दास कायद्यात निश्चित अर्थ आहे. माणसाच्या दूरदृष्टीस जे दिसणे शक्य नव्हते आणि वाजवी काळजी घेऊनही जे टळले नसते, तेवढेच ईश्वरी कृत्य. मृग नक्षत्र कधी लागणार हे तर देवळाच्या भिंतीवरील पंचांगात कितीतरी महिने आधी छापलेले असते. जे पंचांगात छापलेले आहे ते अकल्पित कसे? २००४ च्या ऑगस्टात दमणगंगेस आला तसा महापूर विरळा. त्याचा विचार निराळा. परंतु नेहमीच्या सरींनी दर वर्षी गाळ आणावा आणि दर वर्षी तो देवाच्या नावे जमा व्हावा, यात कायद्याचा विपर्यास तर आहेच, श्रद्धेचाही अवमान आहे.

यावर दुसरा एक युक्तिवाद पुढे येतो : पाणी उताराकडेच वाहणार, आणि खालच्या जमिनीने ते घेतलेच पाहिजे. हा नियम खरा आहे व फार जुना आहे. मात्र तो अर्धाच सांगितला जातो. १८८२ च्या भारतीय इझमेंट कायद्याच्या ७ व्या कलमाखालील उदाहरणांत वरच्या जमिनीच्या मालकाचा हा हक्क नमूद आहे. पण तो निसर्गतः पडणाऱ्या आणि निसर्गतः वाहणाऱ्या पाण्यापुरता. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेतही खालच्या जमिनीवरील हे ओझे, मानवी हात न लागता वाहत येणाऱ्या पाण्यापुरतेच आहे. रोमन कायद्यात तर शेजाऱ्याने काही काम करून पावसाच्या पाण्याचा ओघ बदलल्यास त्याविरुद्ध स्वतंत्र दाव्याची सोय होती. पोर्तुगीज कायदाही त्याच रोमन कुळातला. म्हणून गोमंतकीय आणि हवेलीकर वाचकांस हे तत्त्व परके वाटू नये. सारांश, वरच्या मालकास मिळालेला हक्क निसर्गाच्या पाण्याचा आहे, यंत्राने मोकळ्या केलेल्या मातीचा नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. झाडोऱ्याच्या उतारावर सरीचा जोर पानांवर मोडतो, पालापाचोळा पाणी धरतो, मुळे माती धरतात. तोच उतार उघडा केला की थेंबांचा मारा थेट मातीवर बसतो, सुटलेले कण जमिनीची छिद्रे बुजवतात, आणि न जिरलेले पाणी माती घेऊन पळत सुटते. पुढे त्यावर पत्रे व काँक्रीट आले म्हणजे माती थांबते, पण पाणी वाढते. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर, एका हेक्टरावर दहा लाख लिटर पाणी. पूर्वी यातील पुष्कळसे जमीन पिऊन टाकी. आता ते जवळजवळ सारे एकदम शेजाऱ्याच्या बांधावर येऊन आदळते.

आम्ही उद्योगांचे शत्रू नाही. हवेलीत कारखाने आले, २००६ साली सिल्वासा नगर परिषद झाली, २०१८ मध्ये शहराची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. यातून अनेक घरांत चूल पेटली, हे आम्ही जाणतो. परंतु "नगर परिषदेने मोठी गटारे बांधावीत" असे म्हणून हात झटकणे हा न्याय नव्हे. गाळाने भरणारे गटार कितीही मोठे केले तरी ते उपसावेच लागते, आणि तो खर्च करदात्याच्या माथी बसतो. नफा खाजगी व गाळ सार्वजनिक, अशी ही वाटणी आहे! प्रदूषण करणाऱ्याने त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात देशाच्या कायद्याचा भाग मानले. मग दुसऱ्याच्या शेतात जाऊन बसलेला मुरूमच त्याला अपवाद का असावा?

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामास पूर्वमंजुरी लागते. हे मोजमाप बांधलेल्या क्षेत्राचे आहे, उघड्या केलेल्या मातीचे नव्हे. त्यामुळे दहा लहान भूखंड मिळून एक टेकडी संपविली तरी ते त्या चाळणीतून निसटू शकतात. अमेरिकेने १९९९ च्या नियमाने एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, जमीन उकरणाऱ्यासही परवाना व माती रोखण्याची योजना आवश्यक केली. गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७-अ अन्वये पूर्वपरवानगीवाचून डोंगर कापण्यास व सखल जमीन भरण्यास मनाई आहे. तरीही गोव्यातील टेकड्यांवर यंत्रे चालतात, हे गोमंतकीय वाचकच आम्हांस सांगतील. कलमास जागता पहारेकरी लागतो, आणि तो गावातलाच असावा लागतो. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत मृदसंधारण व पाणलोट विकास हे पंचायतींचे, तर बाराव्या अनुसूचीत जमिनीच्या वापराचे व बांधकामांचे नियमन हे नगरपालिकांचे विषय म्हणून नोंदलेले आहेत, ते उगाच नव्हे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. परवान्याच्या नकाशावर घराबरोबर नाला, ओहोळ आणि उतारही दाखवावा. मृगापूर्वी उघडी माती झाकलेली वा बांधाने अडवलेली असावी, आणि पावसाळ्यात नवे मोठे खोदकाम सुरू करू नये. भूखंडाच्या खालच्या कडेस गाळ बसण्यासाठी कुंड असावे. मालकाने अनामत ठेवावी, आणि खालच्या शेतात गाळ गेल्यास भरपाई तीतूनच व त्याच हंगामात मिळावी. दिवाणी दाव्याची वाट पाहत त्या शेतकऱ्याने म्हातारे व्हावे काय? लहान घर बांधणाऱ्यास चार दगडांची ताल आणि गवताची पट्टी पुरेल. नियम सर्वांस एक असावा, ओझे मात्र ज्याच्या त्याच्या बेताने.

शेवटी आपल्या मंदिर-समाजाविषयी. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपण आपले प्रांगण पाहिले पाहिजे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपणही अंगणे काँक्रीटने मढवितो, पारावरची माती पेव्हर ब्लॉकखाली पुरतो, आणि देवळाच्या छपराचे पाणी रस्त्यावर सोडून देतो. बिंद्राबीनचा ताडकेश्वर महादेव साकरतोड नदीच्या काठी आहे. नदी गाळाने भरली तर काठचे देऊळ तरी कोणत्या तोंडाने पवित्र म्हणावे? येत्या मृगापूर्वी प्रत्येक विश्वस्त मंडळाने आपल्या आवाराचे पाणी आवारातच जिरविण्याची सोय करावी, आणि मगच ग्रामसभेत उठून वरच्या भूखंडाच्या मालकास त्याच्या मातीचा हिशेब मागावा. अभिषेकाचे पाणीसुद्धा आपण तीर्थ म्हणून ओंजळीत धरतो, पायदळी जाऊ देत नाही. आभाळातून येणाऱ्या पाण्याचा तेवढा मान राखणे आपल्या हाती आहे; ते न करता देवाकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही.